तांदूळ, टक्का आणि जीभ: थाई बिअर हलकी का लागते?

बँकॉक-पट्टाया करून आलेल्या माणसाला गावाकडे जे प्रश्न विचारले जातात, त्यांत बिअरचा एक असतोच. उत्तरेही साधारण तीच ऐकू येतात. ‘पानीच आहे जी, चार घेतल्या तरी काही वाटत नाही,’ असे एक जण सांगतो. दुसऱ्याच्या मते सिंघा कडू, चांग बरी. तिसरा बजावतो की लाइटच्या वाटेला जाऊ नका, तिला चवच नसते. तिघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. पण पाण्यासारखी का, कडू का आणि लाइटमधली चव गेली कुठे, हे कोणी सांगत नाही.

या प्रकरणात त्याच तीन प्रश्नांची उत्तरे बघू. भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला हा विषय परका वाटायचे कारण नाही. थायलंड हा भाताचा देश, भंडारा हा भाताचा जिल्हा, आणि बिअरच्या हलकेपणाचे बरेचसे उत्तर तांदळाच्या दाण्यात दडलेले आहे.

१. आधी टक्का बघा

भारताच्या अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये मद्यांची मानके ठरवली. त्यांनुसार ज्या बिअरमध्ये ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असते ती माइल्ड, आणि ५ च्या वर ८ पर्यंत असते ती स्ट्राँग. हा टक्का आकारमानाचा असतो, म्हणजे १०० मिलिलिटर बिअरमध्ये इतके मिलिलिटर अल्कोहोल. आपल्या देशात खपणारी बहुतांश बिअर स्ट्राँग असते. भंडारा, तुमसर, साकोली, कुठल्याही बिअर शॉपीत गेलात तरी ‘स्ट्राँग की माइल्ड?’ हा पहिला प्रश्न असतो आणि पुष्कळदा तो विचारलाही जात नाही, स्ट्राँगच पुढे येते.

थायलंडमधली नेहमीची बिअर ५ टक्क्यांच्या आसपास असते. सिंघा ५, लिओ ५, आताची चांगही त्याच घरातली. म्हणजे त्यांच्याकडची साधी बिअर ती आपल्याकडची माइल्ड.

आता हिशेब करून बघू. ८ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची बाटली घेतली तर तिच्यात ५२ मिलिलिटर अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या पिंटात साडेसोळा. पहिलीच्या बरोबरीला येण्यासाठी तीन पिंटांहून अधिक लागतील. ‘चार घेतल्या तरी काही वाटत नाही’ या तक्रारीतला मोठा भाग एवढ्या एका गुणाकारात निकाली निघतो.

टक्का चढण्यापुरताच नसतो, तो चवीतही असतो. अल्कोहोलला स्वतःची किंचित गोडसर चव आहे, घशाला ऊब देण्याचा गुण आहे, आणि ते द्रवाला थोडा जडपणाही देते. रोज ८ टक्क्यांची सवय झालेल्या जिभेपुढे ५ टक्के ठेवले की ऊब आणि जडपणा दोन्ही गायब होतात. मग ती जीभ ‘पानी’ म्हणणारच. तिचे म्हणणे प्रामाणिक आहे, पण तिची मोजपट्टी स्ट्राँगची आहे. मुळात स्ट्राँगच्या त्या उबेखाली माल्ट, हॉप्स, वास सगळे झाकले जाते. बिअरची चव ओळखायला शिकायचे असेल तर स्ट्राँग ही वाईट शाळा आहे, असे माझे ठाम मत आहे.

२. मोहाला साखर आयती, तांदळाला नाही

हलकेपणाचे उरलेले उत्तर धान्यात आहे, पण त्याआधी मोहाकडे बघू. झाडीपट्टीत दारू म्हटले की आधी मोह आठवतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले रात्रीतून गळतात, पहाटे बाया-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली वेचायला जातात, आणि अंगणात वाळत घातलेल्या फुलांचा गोड, जड वास आसपास पसरतो. सुकलेल्या मोहफुलाच्या वजनात साधारण निम्मी साखर असते. म्हणून फूल पाण्यात भिजवले की आंबायला वेळ लागत नाही. आंबवण्याचे काम यीस्ट नावाची एकपेशीय बुरशी करते. ती साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडते. मोहाच्या बाबतीत पुढे ते आंबवण भट्टीवर चढवून वाफ थंड केली जाते, म्हणून त्या दारूचा टक्का वाढतो. बिअर भट्टीवर चढत नाही. आंबल्यावर जे होते तेच गाळून बाटलीत जाते, म्हणून तिचा टक्का सहसा एक आकडीच राहतो.

तांदळाची गोष्ट वेगळी. त्यात साखर जवळजवळ नसते, असतो तो स्टार्च. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे शेकडो-हजारो कण एकमेकांना जोडून झालेली लांब साखळी. यीस्टला ती खाता येत नाही. साखळी आधी तोडावी लागते. ती कशी तुटते हे बघायचे असेल तर साध्या भाताचा एक घास, वरण-भाजीशिवाय, तोंडात घोळवत मिनिटभर चावत राहा. हळूहळू गोड लागू लागतो. आपल्या लाळेत अमायलेज नावाचे एन्झाइम असते, ते स्टार्च तोडून साखर मोकळी करते.

भात खाणाऱ्या प्रत्येक मुलखाने ही साखळी तोडायची आपली युक्ती शोधली. जपानने साकेसाठी भातावर कोजी नावाची बुरशी वाढवली. थायलंडच्या खेड्यांत बुरशी आणि यीस्ट असलेल्या पिठाच्या गोळ्या चिकट भातात मिसळून ‘साथो’ करतात. झारखंडकडची हंडियाही अशाच गोळ्यांवर आंबते. बिअरवाल्यांची युक्ती मात्र धान्याला मोड आणण्याची आहे.

३. सातूचे मोड

सातू, म्हणजेच बार्ली, पाण्यात भिजवून मोड आणले की दाण्यात अमायलेज भरपूर तयार होते. अंकुराला वाढण्यासाठी साखर हवी असते, तिची ही सोय. नेमक्या वेळी दाणे गरम हवेवर वाळवले की वाढ थांबते आणि एन्झाइम दाण्यात शिल्लक राहते. हाच माल्ट. तो भरडून गरम पाण्यात कालवला की तासाभरात स्टार्चची साखर होते.

इथे एक बारकावा आहे आणि पुढचे सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. माल्टमध्ये अमायलेज दोन जातींचे असते. एक साखळीच्या टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे पाडते. हे तुकडे यीस्टला आवडतात, त्यांचे अल्कोहोल होते. हे पहिले अमायलेज ६२ ते ६५ अंशांना चांगले काम करते. दुसरे साखळीला मधूनच तोडते आणि ७० अंशांच्या आसपासही टिकून राहते. त्यातून मोठे, फांद्या असलेले तुकडेही उरतात. या उरलेल्या तुकड्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. नेहमीच्या यीस्टला ते खाता येत नाहीत, म्हणून ते तयार बिअरमध्ये तसेच राहतात. जिभेला ते फारसे गोड लागत नाहीत, पण घोटाला भरीवपणा देतात. एखादी बिअर तोंड भरून लागते आणि दुसरी सरकन घशाखाली उतरते, त्यात डेक्स्ट्रिनचा मोठा वाटा असतो.

म्हणजे बिअर बनवणाऱ्याने पाण्याचे तापमान चार-पाच अंशांनी वरखाली केले तर त्याच माल्टपासून भरीव किंवा कोरडी बिअर निघते. त्यानंतर हा गोड काढा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात, कडवटपणा तिथून येतो. मग थंड करून यीस्ट घालतात. सिंघा, चांग, लिओ या सगळ्या लागर जातीच्या आहेत. त्यांचे यीस्ट थंडीत सावकाश काम करते, त्यामुळे फळांसारखे वास फार तयार होत नाहीत आणि चव स्वच्छ राहते.

४. गिरणीतली कणी आणि बिअर

माल्टमध्ये एन्झाइम इतके असते की ते स्वतःचा स्टार्च तोडून वर आणखी धान्याचाही तोडू शकते. म्हणून जगभरचे बिअरवाले माल्टच्या जोडीला मका किंवा तांदूळ घालतात. तांदूळ शिजायला माल्टपेक्षा जास्त तापमान लागते, त्यामुळे तो वेगळ्या भांड्यात आधी पार शिजवून पातळ करतात आणि मग माल्टच्या घोलात सोडतात.

यासाठी अखंड तांदूळ कोणी घेत नाही. घेतात ती कणी, जिला आपल्याकडे कनकी म्हणतात. भंडाऱ्यात ज्याने धान गिरणी आतून बघितली आहे त्याला हे सांगायला नको. धान टरफलातून निघते, कोंडा वेगळा होतो, आणि पॉलिश झालेला तांदूळ चाळणीवर आला की अखंड दाणा एका तोंडाने आणि तुकडा दुसऱ्या तोंडाने पडतो. सरकारी भरडाईचा हिशेब १०० किलो धानाला ६७ किलो तांदूळ असा धरला जातो, आणि त्या साध्या तांदळात २५ टक्क्यांपर्यंत तुकडा चालत आलेला आहे. उन्हाळी धान असेल तर तुकडा वाढतो, हे शेतकरी आणि गिरणीवाला दोघेही जाणतात. ताटात तुकड्याला मान नाही, पण बिअरच्या कढईत अखंड दाणा आणि कणी यांत काहीच फरक नसतो. स्टार्च तोच आणि भाव कमी.

तांदूळ घातल्याने चवीत काय होते? पॉलिश केलेल्या तांदळात स्टार्च सोडून फार थोडे असते. प्रथिने ७ टक्क्यांच्या आसपास, तेल अगदी कमी, टरफल नाही. माल्टमध्ये प्रथिने जास्त असतात, ती फेसाला आणि भरीवपणाला उपयोगी पडतात. शिवाय माल्टला भाजक्या धान्याचा, पावाचा वास असतो. दोन कढया डोळ्यांपुढे आणा. एकीत १०० किलो माल्ट, दुसरीत ७० किलो माल्ट आणि ३० किलो कणी. दोन्हींतून ५ टक्क्यांचीच बिअर काढली. अल्कोहोल सारखे, पण दुसरीत माल्टची चव ढोबळ मानाने सत्तर टक्के. उरलेल्या तीस टक्क्यांनी अल्कोहोल दिले आणि स्वतःची चव जवळजवळ दिलीच नाही. म्हणून तांदळाची बिअर रंगाने फिकी, चवीने कोरडी आणि घोट संपल्यावर लगेच तोंड मोकळे करणारी होते.

मग ही भेसळ म्हणायची का? जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ मध्ये नियम झाला की बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच असावे, आणि त्या परंपरेतले लोक तांदळाकडे कमीपणाने बघतात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गेलेल्या जर्मन बिअरवाल्यांना तिथली सातू फार प्रथिनांची मिळाली, बिअर गढूळ होऊ लागली, तेव्हा त्यांनी मका आणि तांदूळ घालून ती निवळ केली. १८७६ मध्ये आलेली बडवायझर तांदळाचीच आहे. मला तांदूळ घालण्यात काही गैर वाटत नाही. ज्या मुलखात उन्हाळा भाजून काढतो तिथे कोरडी, मोकळी बिअर हीच योग्य निवड आहे. गैर एवढेच की तांदूळ फक्त स्वस्त पडतो म्हणून घातला जातो आणि हॉप्सचा हातही आखडता घेतला जातो. मग ‘चव नाही’ ही तक्रार खरी ठरते.

इथे एक प्रश्न मनात येतो. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे, तो शिजताना घरभर वास सुटतो. त्याची बिअर सुगंधी होईल का? बहुधा नाही. थाई जास्मिन, बासमती आणि इतर सुवासिक तांदळांचा जो खास वास असतो तो मुख्यतः एका उडून जाणाऱ्या रेणूचा. बिअरचा काढा तासभर, कधी त्याहून जास्त, खळखळून उकळतो. त्यात तो वास वाफेबरोबर निघून जातो. चिन्नोर ताटातच शोभतो.

५. लाइटमधून नेमके काय काढून घेतात?

लाइट म्हणजे साध्या बिअरमध्ये पाणी घातलेले, असा समज आहे. तो अर्धाच बरोबर आहे. मोठे कारखाने पुष्कळदा साधी बिअरसुद्धा जरा तीव्र आंबवून शेवटी पाण्याने ठरलेल्या टक्क्यावर आणतात. पण लाइटची मूळ युक्ती दुसरी आहे. जोसेफ ओवेड्स या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात असे एन्झाइम वापरले जे डेक्स्ट्रिनच्या फांद्याही तोडते. मग यीस्टसाठी न खाता येणारे असे फारसे काही उरत नाही. १९६७ मध्ये ती बिअर डाएट बिअर म्हणून बाजारात आली आणि पडली. तीच कल्पना १९७० च्या दशकात मिलर लाइट या नावाने अमेरिकाभर चालली.

म्हणजे लाइटमधून जाते ते डेक्स्ट्रिन, आणि आपण मघाशी बघितले की भरीवपणाचा मोठा भाग त्यातच असतो. त्यात एकूण धान्यही कमी घेतले तर टक्का उतरतो, आणि कडवटपणा सावरायला गोडवा उरला नाही म्हणून हॉप्सही कमी करावे लागतात. वरण पाणी घालून वाढवले की डाळ जशी पातळ होते तशी फोडणीही पातळ होते, तसे हे आहे. एक गोष्ट काढली की तिच्या तोलाने बाकीच्याही काढाव्या लागतात.

आता कॅलरींचा हिशेब. एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी, एक ग्रॅम कर्बोदकात ४. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने १ मिलिलिटर म्हणजे ०.७९ ग्रॅम. साध्या ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर पिंटात साडेसोळा मिलिलिटर, म्हणजे १३ ग्रॅम अल्कोहोल, ९१ कॅलरी. कर्बोदके १०० मिलिलिटरला साडेतीन ग्रॅम धरली तर त्यांच्या ४६. एकूण १३७. ४.२ टक्क्यांच्या लाइटमध्ये ११ ग्रॅम अल्कोहोल, ७७ कॅलरी. कर्बोदके १०० मिलिलिटरला २ ग्रॅम धरली तर २६. एकूण १०३. वाचल्या ३४ कॅलरी, म्हणजे अर्ध्या पोळीपेक्षाही कमी.

थायलंडमध्ये सॅन मिग लाइट सर्रास मिळते. ही मूळची फिलिपिन्सची. तिच्यावर लाइट लिहिलेले आहे, कॅलरी १००, आणि अल्कोहोल मात्र ५ टक्के. आपल्या हिशेबात बसवून बघा: अल्कोहोलच्याच ९१ झाल्या, कर्बोदकांना जेमतेम ९ उरल्या. म्हणजे डेक्स्ट्रिन जवळजवळ पूर्ण काढले, चढणारा भाग तेवढाच ठेवला. लाइट म्हणजे कमी चढणारी असे समजून गाडीला किल्ली लावणाऱ्याने हे उदाहरण पक्के ध्यानात ठेवावे. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही वाहनचालकाची मर्यादा आहे, आणि रक्त लेबल वाचत नाही.

६. थाई बाटल्या, एकेक करून

सिंघा सगळ्यांत जुनी. बून रॉड ब्रुअरी १९३३ मध्ये स्थापन झाली आणि सिंघा तिची पहिली ओळख. ती पूर्ण बार्ली माल्टची असल्याचे कंपनी सांगते. पूर्वी ती ६ टक्क्यांची होती, नंतर ५ वर आणली. चवीला ती या सगळ्यांत भरीव, आणि हॉप्सचा कडवटपणा घोट गिळल्यावरही जिभेच्या मागच्या भागात रेंगाळतो. ‘सिंघा कडू आहे’ हे मत इथून येते. ते दोष म्हणून सांगितले जाते, मला तो तिचा गुण वाटतो. माल्टचा गोडवा पुरेसा असल्याने हा कडवटपणा एकटा पडत नाही.

चांग १९९५ मध्ये आली, स्वस्त आणि टक्क्याने जास्त. जुनी चांग क्लासिक ६ टक्क्यांच्या वर होती आणि तिच्यात माल्टबरोबर तांदूळ असे. थोड्या पैशांत जास्त चढते म्हणून कष्टकरी वर्गाने ती उचलली आणि काही वर्षांतच तिने सिंघाला मागे टाकले. आपल्याकडे स्ट्राँग का खपते याचे उत्तर इथेही तेच आहे. २०१५ मध्ये तिची हिरवी बाटली आली आणि टक्काही ५ च्या आसपास उतरला. चव गोडसर, कडवटपणा कमी, शेवट लवकर. ज्यांना सिंघा कडू लागते त्यांना चांग बरी वाटते ती यामुळे. मात्र जुन्या चांगबद्दल ऐकीव मत घेऊन आजची बाटली उघडली तर अंदाज चुकतो.

लिओ ही बून रॉडनेच १९९८ मध्ये चांगला उत्तर म्हणून काढली. तिच्याबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. मधली चव, मधली किंमत, कोणाला खटकत नाही आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही.

लाइटमध्ये चांग लाइट ४.२ टक्क्यांची होती, सिंघाची लाइट त्याहून खाली. अशा लाइटमध्ये पहिला घोट बरा लागतो, कारण थंडी आणि फेस यांनी तोंड भरते. ग्लास निम्मा झाला की उणीव जाणवते. वायू उडून गेलेला असतो आणि त्याच्या जागी धरून ठेवायला काही नसते.

७. बर्फ, मिरची आणि हिरवी काच

चवीचे मत बाटली कशी, कशाबरोबर आणि किती थंड घेतली यावरही ठरते. थायलंडमध्ये बिअरच्या ग्लासात बर्फ घालतात. ३३० मिलिलिटर साध्या बिअरमध्ये ६० मिलिलिटर बर्फ वितळला तर साडेसोळा मिलिलिटर अल्कोहोल ३९० मध्ये विभागले जाते आणि टक्का येतो ४.२. म्हणजे पिणाऱ्याने नकळत लाइटचा टक्का करून घेतला. तिच्यात डेक्स्ट्रिन पातळ झाले पण काढले गेले नाही, म्हणून बर्फातली साधी बिअर पुष्कळदा मूळ लाइटपेक्षा बरी लागते. थंडीने वास उठत नाही आणि गोडवाही कमी जाणवतो. अगदी चिल्ड घेतलेल्या दोन बिअरी म्हणूनच सारख्या वाटू लागतात.

मिरचीचा परिणाम आणखी मजेदार आहे. तोंडातला जो संवेदक तिखटाने पेटतो त्यालाच अल्कोहोलही चेतवते. सावजी मटणाबरोबर ८ टक्क्यांची स्ट्राँग घेणाऱ्याची आग म्हणूनच शमत नाही, उलट वाढते. थाई जेवणही मिरचीचे, आणि तिथे कमी टक्क्यांची, बर्फासारखी थंड बिअर चालते ती उगाच नाही. लाइटची खरी जागा मला इथेच दिसते. एकटी प्यायची तर ती अपुरी, पण रश्शाच्या तिखटापुढे ती साध्या बिअरपेक्षा सुखाची.

हिरवी काच दिसायला छान, पण बिअरला ती मानवत नाही. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की त्यातून गंधकाचा एक उग्र वास तयार होतो. तपकिरी काच तो उजेड बरीच अडवते, हिरवी अडवत नाही, कॅन पूर्ण अडवतो. दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेल्या हिरव्या बाटलीला वास येतो, हे मत बरोबर आहे, पण तो दोष ठेवणाऱ्याचा. उष्णतेचेही तसेच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा गोदामात काही आठवडे राहिलेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. लाइटमध्ये हा दोष आधी कळतो, कारण झाकायला तिच्याकडे चव नसते.

८. तीन ग्लासांची परीक्षा

१९६४ मध्ये ॲलिसन आणि उल या दोन अमेरिकन संशोधकांनी बिअर पिणाऱ्यांना लेबल काढलेल्या बाटल्या दिल्या. बहुतेकांना स्वतःची रोजची बिअर ओळखता आली नाही. लेबल लावून त्याच बाटल्या दिल्या तेव्हा आपल्या ब्रँडला त्यांनी भरभरून गुण दिले. तेव्हा ठाम मत देण्याआधी स्वतःची जीभ तपासावी.

पद्धत सोपी आहे. तीन सारखे ग्लास घ्या. दोहोंत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि ओतणारा वेगळा, पिणाऱ्याला न दाखवणारा. घोटभरच ओता, तापमान तिन्हींचे सारखे ठेवा. वेगळा ग्लास कोणता एवढेच सांगायचे. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. पाच वेळा सलग बरोबर आले तर अंदाजाने तसे होण्याची शक्यता २४३ मध्ये एक, तेव्हा तुम्हाला फरक खरोखर कळतो असे समजायला हरकत नाही. बिअर फार थंड नको, फ्रिजमधून काढून दहा मिनिटे थांबा. सिंघा आणि एखादी लाइट यांतला फरक बहुतेकांना कळेल. चांग आणि लिओ यांत पुष्कळ जण अडखळतील. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवे आणि पिण्याचा परवानाही लागतो, तेवढे सांभाळूनच ही परीक्षा घ्यावी.

माझा कौल असा: नुसती चव घेत बसायचे असेल तर सिंघा, तिखट जेवणाबरोबर एखादी लाइट, आणि उन्हात तहान लागली असेल तर दोन्ही बाजूला ठेवून आधी पाणी. बाटली घेताना ब्रँडच्या नावाआधी टक्का आणि बनवल्याची तारीख वाचा, आणि हिरवी बाटली उजेडात मांडलेली असेल तर दुकानदाराकडे खोक्यातली मागा.